मणिकर्णिका आणि दहावा प्रवासी

काशीयात्रा करून परतलेला मराठी माणूस गंगाजलाच्या गडूबरोबर तीन नावे हटकून घेऊन येतो : विश्वेश्वर, दशाश्वमेध आणि मणिकर्णिका. पहिल्या दोन नावांचा अर्थ सहसा कोणास सांगावा लागत नाही. तिसऱ्या नावाचा अर्थ आहे कानातील रत्नजडित भूषण. जेथे चिता अहोरात्र जळतात, त्या महास्मशानाला एका हरवलेल्या दागिन्याचे नाव असावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तथापि तिच्यामागे जी कथा आहे, ती आमच्या तत्त्वज्ञानाच्या अगदी गाभ्याशी नेऊन सोडणारी आहे.

स्कंदपुराणाच्या काशीखंडात ही कथा येते. विष्णूने आपल्या चक्राने येथे एक पुष्करिणी खणली आणि तिच्या काठी उग्र तप केले. ते पाहून प्रसन्न झालेल्या शंकराने कौतुकाने मान डोलावली आणि त्याच्या कानातील मणिकर्णिका त्या कुंडात पडली. लोककथेत हे भूषण पार्वतीचे आहे, एवढाच फरक. घाटावरील चक्रपुष्करिणी कुंड या कथेची साक्ष म्हणून दाखविले जाते.

वेदान्तशास्त्रही एका हरवलेल्या दागिन्याचीच गोष्ट सांगते. एक स्त्री आपला कंठहार हरवला म्हणून घरभर शोध घेते, कोनाडे धुंडाळते, शेजारणीला विचारते, आणि शेवटी कोणीतरी तिला सांगते, की बाई, हार तुझ्या गळ्यातच आहे. पुराणातील दागिना खरोखर पडला होता; वेदान्तातील दागिना कधी पडलाच नव्हता. पडला होता तो फक्त विसर. या दोन दागिन्यांमधील अंतर ध्यानी घ्यावे आणि त्या प्रकाशात मणिकर्णिकेच्या परिसरातील मराठी माणसांचा इतिहास पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चूक कोठे होते?

आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील आपल्या भाष्याचा आरंभ ब्रह्माच्या वर्णनाने केला नाही, माणसाच्या एका नित्याच्या चुकीने केला. या चुकीला त्यांनी ‘अध्यास’ असे नाव दिले. अध्यास म्हणजे एका वस्तूचे धर्म दुसऱ्या वस्तूवर लादणे. अंधारात दोरी पडलेली असते, आपण साप समजून दचकतो. दोरी खोटी नाही आणि आपली भीतीही खोटी नाही. खोटी आहे ती ओळख. आचार्य म्हणतात, की माणूस स्वतःविषयी हीच चूक करतो. देह लठ्ठ असता ‘मी लठ्ठ’ म्हणतो, डोळे अधू असता ‘मी आंधळा’ म्हणतो. एवढेच नव्हे, तर बायकोमुलांचे बरेवाईट झाले, की तेही स्वतःवर ओढून घेतो. मुलगा परीक्षेत नापास झाला म्हणजे आठवडाभर शेजाऱ्यांना तोंड चुकविणारा बाप आम्ही सर्वांनी पाहिला आहे. आचार्यांचे हे निरीक्षण किती घरगुती आहे, हे त्यावरून कळावे.

या चुकीचा सर्वांत बोलका दृष्टांत ‘दहाव्या’चा. आचार्यांच्या उपदेशसाहस्रीत त्याचा उल्लेख आहे. चौदाव्या शतकातील विद्यारण्यांनी पंचदशीच्या सातव्या प्रकरणात तो सविस्तर उलगडला आहे. दहा प्रवासी नदी पार करून पैलतीरी येतात. सगळे सुखरूप आले ना, म्हणून एकजण मोजू लागतो. मोजणारा स्वतःला वगळतो आणि नऊच भरतात. दहावा बुडाला असे समजून तो आक्रोश करतो, कपाळ बडवून घेतो. इतक्यात एक वाटसरू येऊन सांगतो, ‘दहावा जिवंत आहे.’ त्याने थोडा धीर येतो, पण शोक सरत नाही. मग तो वाटसरू मोजणाऱ्याकडेच बोट करून म्हणतो, ‘दहावा तूच.’ तेव्हा शोक संपतो.

विद्यारण्यांनी या गोष्टीत अज्ञानापासून तृप्तीपर्यंतच्या सात अवस्था दाखविल्या आहेत. ‘दहावा आहे’ हे ऐकीव ज्ञान आणि ‘दहावा मीच’ हे प्रत्यक्ष ज्ञान, यांतील भेद त्यांतच येतो. परंतु आम्हांस या दृष्टांतातील एक बारीक तपशील फार मोलाचा वाटतो. विद्यारण्य सांगतात, की दहावा सापडताच रडणे तत्काळ थांबते, पण कपाळ बडवून घेतल्याने झालेली जखम मात्र हळूहळू, महिनाभराने भरून येते. ज्ञान क्षणात होते. चुकीने केलेली जखम क्षणात भरत नाही. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

येथे एक शंका साहजिकच येते. मोक्ष केवळ ज्ञानाने मिळतो असे वेदान्त सांगतो. मग काशीत मरण आले असता मुक्ती मिळते या श्रद्धेचे काय? परंपरेने याची संगती मोठ्या चातुर्याने लावली आहे. मणिकर्णिकेवर देह ठेवणाऱ्याच्या उजव्या कानात प्रत्यक्ष विश्वेश्वर तारकमंत्राचा उपदेश करतो. म्हणजे मुक्ती मरणाने मिळत नाही, मरणसमयी झालेल्या ज्ञानाने मिळते, अशी ती संगती. ज्या घाटावर देवाचे कर्णभूषण हरवले, तेथे माणसाच्या कानाला त्याची खरी ओळख सांगितली जाते.

चांडाळाचा प्रश्न

याच काशीत स्वतः आचार्यांना हा पाठ गिरवावा लागला, अशी कथा आहे. माधवीय शंकरदिग्विजयात ती येते. शिष्यांसह गंगेकडे निघालेल्या आचार्यांच्या वाटेत चार कुत्री घेतलेला एक चांडाळ आला. ‘दूर हो’, असे आचार्य म्हणाले. त्यावर त्या चांडाळाने विचारले, की दूर कोणी व्हावे? अन्नाने पोसलेल्या एका देहाने तशाच दुसऱ्या देहापासून, की एका चैतन्याने दुसऱ्या चैतन्यापासून? सूर्याचे बिंब गंगेत पडले काय आणि चांडाळवस्तीतील पाण्यात पडले काय, त्याने सूर्यात काही भेद होतो काय? आचार्य निरुत्तर झाले. ज्याला हे ज्ञान झाले तो चांडाळ असो की द्विज, तोच आमचा गुरू, अशा आशयाचे मनीषापंचक त्यांच्या मुखातून निघाले, असे परंपरा सांगते. हे पंचक आचार्यांचेच असे सर्व विद्वान मानीत नाहीत. परंतु कोणी का रचले असेना, या प्रश्नाचे तेज कमी होत नाही.

कथेचा शेवट मात्र विचार करण्याजोगा आहे. चांडाळाचे रूप टाकून तेथे साक्षात विश्वनाथ प्रकट होतो. भाविकाला हा शेवट गोड वाटतो, यात नवल नाही. पण त्यातून समाजाला एक पळवाट मिळाली. ‘तो चांडाळ नव्हताच, तो शंकर होता’, असे म्हणून उद्या वाटेत भेटणाऱ्या खऱ्या चांडाळाला पुन्हा ‘दूर हो’ म्हणण्याची सोय झाली. दोरीला साप समजण्याची चूक सुधारताना नवी चूक झाली, ती अशी. खुद्द ब्रह्मसूत्रभाष्यातही शूद्राला वेदाध्ययनपूर्वक ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारला आहे, हे प्रामाणिक अभ्यासकाने लपवू नये.

नाथांच्या दोन कालगणना

ही पळवाट न घेणारा एक मराठी पुरुष सोळाव्या शतकात पैठणहून काशीस आला. संत एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ साली, रामनवमीच्या दिवशी वाराणसीत पूर्ण झाले. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका, जिला आपण एकनाथी भागवत म्हणतो, १५७३ साली कार्तिकी पौर्णिमेस तेथेच समाप्त झाली. पहिले पाच अध्याय पैठणात, उरलेले काशीत, असे एकूण एकतीस अध्याय आणि सुमारे १८,८०० ओव्यांचा हा ग्रंथ. तो मणिकर्णिकेच्या तीरी पूर्ण झाल्याची नोंद ग्रंथाच्या अखेरीस आहे.

नाथांना काशीस यावे लागले ते वादापायी, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भागवताचा अर्थ प्राकृत भाषेत आणल्याचे ऐकून काशीतील पंडितमंडळी क्षुब्ध झाली, नाथांना बोलावणे गेले, त्यांनी तेथे राहूनच ग्रंथ पुरा केला आणि अखेर त्या ग्रंथाची मिरवणूक निघाली. कथेतील चमत्कार बाजूला ठेवले, तरी तिचे मर्म उरतेच. संस्कृत ही ज्ञानाची भाषा आणि मराठी ही अज्ञानाची, हादेखील एक अध्यासच होता. वस्त्राचे धर्म देहावर लादावेत, तसे भाषेच्या प्रतिष्ठेचे धर्म ज्ञानावर लादले गेले होते. नाथांनी तो वाद घालून नव्हे, ग्रंथ लिहून दूर केला.

विषयही त्यांनी तसाच निवडला होता. एकादश स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला जे सांगतो, त्यात स्वतःच्या ओळखीचा हा गोंधळ वारंवार येतो. वाहत्या पाण्याकडे पाहणाऱ्याला काठावरची झाडेच चालू लागल्यासारखी दिसतात, हा त्यातील एक दृष्टांत. नावेत बसून मणिकर्णिकेसमोरून जाताना घाट मागे सरकतो आणि आपण स्थिर आहोत असे ज्याला वाटले असेल, त्याला या दृष्टांताची निराळी टीका लागत नाही. याच स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या एका कृपण ब्राह्मणाची गोष्ट आहे. धन गेल्यावर भिक्षू झालेल्या त्या म्हाताऱ्याला लोक छळतात, तेव्हा तो म्हणतो, की आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली, तर रागवायचे कोणावर? शिवाय नाथांनी हस्तामलक स्तोत्रावरही स्वतंत्र मराठी टीका लिहिली. ‘बाळा, तू कोण?’ या आचार्यांच्या प्रश्नाला एका मुक्या समजल्या गेलेल्या मुलाने दिलेले उत्तर म्हणजे हे स्तोत्र. मुलाने आपले नाव, गाव, कूळ काहीच सांगितले नाही. जो जाणतो तो मी, एवढेच सांगितले.

नाथांचा विशेष असा, की त्यांनी हे ज्ञान पोथीत बांधून ठेवले नाही. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर त्यांनी कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोचते केले. त्या पोराचा शेवटी देव झाला नाही, ते महाराचेच पोर राहिले. आणि म्हणूनच ही कथा आम्हांस चांडाळाच्या कथेहून एक पाऊल पुढची वाटते.

दूरदेशी राहणाऱ्या आपणां सर्वांच्या दृष्टीने मात्र एकनाथी भागवतातील सर्वांत जिव्हाळ्याची जागा निराळीच आहे. ग्रंथसमाप्तीचा काळ नाथांनी दोनदा सांगितला आहे. प्रथम वाराणसीच्या रीतीने : विक्रम संवत १६३०, वृष नाम संवत्सर. मग, आता आमच्या देशीची गणना ऐका, असे म्हणून गोदातीराची : शालिवाहन शके १४९५, श्रीमुख नाम संवत्सर. उत्तरेत आणि दक्षिणेत संवत्सरांची गणना वेगळी पडते, म्हणून नावेही दोन. पौर्णिमा एकच, तिला दोन नावे. ज्या पुरुषाने ‘मी देह नव्हे’ यावर हजारो ओव्या लिहिल्या, त्याने शेवटी आपल्या गावाचा शक नोंदवायला विसरू नये, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. काशीची गणना त्यांनी नाकारली नाही, पैठणची टाकली नाही आणि दोहोंपैकी एकीलाही पौर्णिमा समजले नाहीत.

पैठणचे भट्ट, इंदूरच्या बाई, काशीची मनू

नाथ काशीत होते, त्या काळी पैठणचेच एक कुटुंब तेथे स्थायिक झालेले होते. रामेश्वर भट्टांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत घर केले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांनी प्रयाग, काशी व गया यांवरील त्रिस्थळीसेतू हा ग्रंथ लिहिला आणि १५८५ च्या सुमारास विश्वेश्वराचे देवालय पुन्हा उभे करविले. त्यांचे नातू कमलाकर भट्ट यांनी १६१२ साली निर्णयसिंधू पुरा केला. कमलाकरांचे पुतणे विश्वेश्वर, म्हणजेच गागाभट्ट, यांनी ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. काशीत पाचवी पिढी नांदत असतानाही महाराष्ट्राशी धागा तुटला नव्हता, हे आपण अभिमानाने सांगावे असे आहे.

पण तो अभिमान डोळस असावा. याच घराण्यातील कमलाकरांनी शूद्रांचे आचार ठरविणारा शूद्रकमलाकर लिहिला. ज्याने स्वपराक्रमाने राज्य उभे केले, त्याचे क्षत्रियत्व सिद्ध झाल्यावाचून अभिषेक होऊ शकत नव्हता, म्हणून वंशावळी तपासाव्या लागल्या. एका दालनात ‘तू देह नव्हेस’ असा पाठ चाले आणि शेजारच्या दालनात कोणाचे कूळ कोणते याचा निर्णय चाले. परमार्थ आणि व्यवहार अशा दोन वह्या आमच्या समाजाने ठेवल्या. एका वहीतील जमा दुसरीत कधी मांडली नाही.

औरंगजेबाच्या आज्ञेने १६६९ साली विश्वेश्वराचे देवालय पाडले गेले. त्यानंतर १७८० साली ते पुन्हा बांधले चोंडी गावच्या धनगर पाटलाच्या लेकीने. अहिल्याबाई होळकरांनी मणिकर्णिकेचा घाटही १७९१ साली बांधून काढविला. ज्यांना शास्त्री शूद्र म्हणत, त्या कुळातील एका विधवेने बांधविलेल्या पायऱ्यांवरून पुढे शास्त्र्यांनी स्नानास जावे, यापेक्षा चांडाळाच्या प्रश्नाचे बोलके उत्तर इतिहास आणखी काय देणार? मणिकर्णिकेला लागून असलेला शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० साली बांधविला. तोही एका मराठी स्त्रीच्याच हातचा.

आणखी एक मराठी स्त्री या घाटाचे नाव घेऊन जन्मास आली. चिमाजीअप्पांच्या आश्रयास काशीत राहणाऱ्या मोरोपंत तांब्यांच्या घरी मुलगी झाली, तिचे नाव मणिकर्णिका ठेवले. घरात ती मनू झाली, १८४२ साली विवाहानंतर लक्ष्मीबाई झाली आणि १८५८ साली ग्वाल्हेरीस पडली ती झाशीची राणी म्हणून. चार नावे, एकच व्यक्ती. वेदान्ती ‘तोच हा देवदत्त’ असे उदाहरण देतात. पूर्वी त्या गावी, त्या वेषात पाहिलेला देवदत्त आज या गावी, या वेषात भेटतो. तेव्हा गाव, काळ आणि वेष यांतील विरोध सोडून आपण मनुष्य ओळखतो. ‘तत्त्वमसि’ या महावाक्याचा अर्थ लावण्याची किल्ली हीच. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आम्हां लोकांना तर हे उदाहरण पाठच असावे.

जखम कोणाच्या कपाळी?

या इतिहासाला विचारला गेलेला सर्वांत कठीण प्रश्न एका मराठी माणसाचाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथात, जो त्यांच्या पश्चात १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केला, त्यांनी महावाक्यांचा परामर्श घेतला आहे. प्रत्येक व्यक्ती ब्रह्मस्वरूप असेल, तर लोकशाहीला याहून बळकट पाया नाही, हे त्यांनी मान्य केले. आणि मग विचारले, की असा सिद्धांत हाताशी असताना त्यातून समतेचा समाज का निर्माण झाला नाही?

आमच्या मते या प्रश्नाला बगल देणे हे वेदान्ताचे रक्षण नव्हे. विद्यारण्यांचा दहावा आपलेच कपाळ बडवून घेत होता, म्हणून त्याची जखम महिनाभरात भरली. आमच्या समाजाने स्वतःला ओळखण्यात चूक केली ती स्वतःची, आणि जखम मात्र दुसऱ्याच्या कपाळी केली. ती शतकानुशतके वाहती ठेवली. मणिकर्णिकेवर चितेसाठी लागणारा अग्नी डोम समाजाच्या हातून घ्यावा लागतो. राजा असो की पंडित, त्याला पर्याय नाही. अखेरच्या यात्रेत ज्याच्या हातच्या अग्नीवाचून गती नाही, त्याची सावली जन्मभर टाळावी, याला काय म्हणावे? १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली त्यासाठी कायदा झाला. चांडाळाच्या प्रश्नाचे ते पहिले लेखी उत्तर होय. परंतु कायदा म्हणजे ‘दहावा आहे’ असे सांगणारा वाटसरू. ‘दहावा तूच’ हे ज्याचे त्याने जाणावयाचे असते.

आपली मोजणी

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली, म्हणजे मोजदादीची वेळ आली. किती कुटुंबे आली, किती गेली, किती गणेशोत्सव झाले, किती नाटके बसविली, हे आपण मोजू आणि मोजावेच. घरोघरी एक चिंताही ऐकू येते, की आपली मुले मराठी बोलत नाहीत, मग ती कोण? इथली की तिथली? या चिंतेला आम्ही हसणार नाही. भाषा जाते तेव्हा आजीची हाक जाते, ओवी जाते, आणि ते नुकसान खरे आहे. परंतु एकनाथांनी याचे उत्तर मणिकर्णिकेच्या काठी देऊन ठेवले आहे. जेथे राहतो तेथली तिथी आधी सांगावी, आपल्या गावचा शकही आवर्जून सांगावा, आणि दोन्ही नावे एकाच पौर्णिमेची आहेत हे मुलांना समजावून द्यावे. भाषा, प्रांत, जात, हुद्दा ही सारी वस्त्रे होत. काही जपून ठेवण्याजोगी, काही गंगेत सोडून देण्याजोगी. कोणते जपावे आणि कोणते सोडावे, हे ज्याला कळते, तो वस्त्रालाच देह समजत नाही.

मोजताना मात्र एक दक्षता घ्यावी. मंडळाच्या पंक्तीत कोण बसले हे मोजत असता पंक्तीबाहेर कोण उभे राहिले, हेही पाहावे. कारण दहावा कधी मोजणारा स्वतः असतो, तर कधी ज्याला मोजण्याचे आपल्या मनातच आले नाही तो असतो. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत ही मोजणी पुरी भरो, हीच विश्वेश्वराच्या चरणी प्रार्थना.